सहाव्या धावेला वेग का पडतो?

"पहिली पाच मिनिटं मी सगळ्यांच्या पुढे असतो, नंतर पाय जड होतात. स्टॅमिना वाढवायला रोज किती राऊंड मारू?" खो-खो, कबड्डी, हॉकी, फुटबॉल खेळणारी मुलंमुली, त्यांचे पालक आणि कधीकधी शाळेचे क्रीडाशिक्षकही हा प्रश्न जवळपास याच शब्दांत विचारतात. दम कमी पडतो म्हणजे राऊंड कमी पडतात, हे उत्तर त्यांनी प्रश्नातच गृहीत धरलेलं असतं. मैदानाभोवती संथपणे दहा राऊंड मारणारा मुलगा काही आठवड्यांनी दहा राऊंड मारण्यात तरबेज होतो. सामन्यात मात्र त्याला तीन-चार सेकंद जीव तोडून धावायचं असतं, वीस-तीस सेकंदांत सावरायचं असतं आणि पुन्हा तसंच धावायचं असतं, तेही शेवटच्या मिनिटापर्यंत.

हे जमण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मूळ वेग, दोन धावांमध्ये लवकर सावरणं, आणि थांबून वळताना पाय न ढळणं. तुमच्यात यांपैकी काय कमी आहे, ते सराव ठरवण्याआधी शोधा. एकाला तारणारा सराव दुसऱ्याला मागे नेऊ शकतो.

शरीरात काय घडतं, कामापुरतं

स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन नावाच्या झटपट इंधनाचा छोटासा साठा असतो. सहा सेकंदांच्या पहिल्या धावेत जवळपास निम्मी ऊर्जा त्यातून येते. उरलेली बरीचशी स्नायूतली साखर ऑक्सिजनविना मोडून मिळते. गच्चीवरच्या लहान टाकीसारखा हा साठा भराभर रिकामा होतो आणि तो पुन्हा भरणारा पंप ऑक्सिजनवर चालतो. अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत टाकी अर्धवटच भरते, पूर्ण भरायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागू शकतो.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला सायकलवरचा एक प्रयोग यासाठी आजही सांगितला जातो. सहा सेकंदांच्या दहा जोरदार फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती, असं त्याचं स्वरूप होतं. दहाव्या फेरीत ऑक्सिजनविना मिळणारी ऊर्जा पहिल्या फेरीच्या जेमतेम एक तृतीयांश उरली, पण प्रत्यक्ष ताकद घटली ती सुमारे २७ टक्के. मधली तूट बरीचशी ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेने भरून काढली. म्हणजे पहिल्या दोन-तीन धावा ताकद आणि वेगावर निघतात, पुढच्या धावांत हृदय-फुप्फुसांची क्षमता जास्त कामाला येते. तुम्हाला दोन्ही लागणार.

(दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याला "लॅक्टिक ॲसिड साचलं" म्हणायची मैदानावर पद्धत आहे. लॅक्टेट तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंवर पडलेल्या अनोळखी ताणाचं असतं.)

आधी तुमच्या जागेची मागणी पाहा

एका मित्राला तुमचा पूर्ण सामना मोबाईलवर टिपायला सांगा. चित्रफीत पाहताना फक्त दोन गोष्टी लिहा: प्रत्येक जोरदार धाव किती सेकंदांची होती आणि पुढची धाव किती सेकंदांनी आली. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे, पण त्याने बरेच गैरसमज दूर होतात.

खो-खोत आक्रमण करणारा दोन-चार सेकंद पाठलाग करतो, खो देतो आणि बसतो. त्याची विश्रांती बसून होते. संरक्षण करणारा बाद होईपर्यंत मैदानात हलतच असतो आणि मध्येमध्ये जोरदार धाव घेतो. दोघांना एकच सराव देऊन चालत नाही. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची, त्यातही खरा स्फोट शेवटच्या काही क्षणांत, बोनस किंवा स्पर्शानंतर मध्यरेषेकडे परतताना. मात्र तोच खेळाडू लगेच पकडीला उभा राहतो. हॉकीत सतत बदली खेळाडू घेता येत असल्याने प्रत्येक पाळी छोटी आणि तीव्र होते. फुटबॉलच्या ९० मिनिटांत जोरदार धावांचा वाटा थोडा असतो, पण गोल होण्याचे क्षण बहुतेक त्या धावांतच येतात.

मैदानावर करायची चाचणी

यंत्रं नसली तरी चालेल. मोजपट्टी, चार शंकू आणि मोबाईल पुरे. हातातल्या स्टॉपवॉचवर भिस्त ठेवू नका. बोटाच्या चुकीने एक-दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात आणि आपल्याला शोधायचा फरकही तेवढाच असतो. मोबाईलवर स्लो-मोशन चित्रण करा, मागचा पाय उचलला त्या चौकटीपासून छाती शेवटची रेषा ओलांडेपर्यंतच्या चौकटी मोजा. मोबाईलची जागा दर वेळी तीच ठेवा.

१. नीट वॉर्म-अप करा, त्यात वाढत्या वेगाच्या तीन-चार धावा असू द्या.
२. ३० मीटरच्या दोन सुट्या धावा, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. उत्तम वेळ लिहून ठेवा. हा तुमचा मूळ वेग.
३. पाच मिनिटांनी ३० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर २५ सेकंद विश्रांती.
४. दुसऱ्या दिवशी नव्हे, दोन दिवसांनी तशाच सहा धावा, पण १५ मीटर जाऊन वळून परत १५ मीटर.

तिसऱ्या पायरीत एक लबाडी हमखास होते. पुढे सहा धावा आहेत हे माहीत असल्याने खेळाडू पहिल्या दोन धावांत हात राखतो आणि आकडा छान येतो. पहिली धाव सुट्या धावेतल्या उत्तम वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हळू असेल तर मालिका तिथेच थांबवा, पाच मिनिटं बसवा आणि पुन्हा सुरू करा.

विश्रांतीच्या २५ सेकंदांत "चालत राहा, जॉग करा" असं ओरडू नका. इतक्या कमी वेळात हळू धावणाऱ्या स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन त्या धावण्यातच खर्च होतो आणि टाकी भरायला कमी उरतो. उभं राहणं किंवा अगदी सावकाश चालत रेषेवर येणं जास्त फायद्याचं. सामन्यातही चेंडू बाहेर गेल्यावर हेच करा.

आकडे वाचताना होणारी गफलत

घट काढण्याची रीत सोपी आहे. सहा वेळांची बेरीज करा. सर्वांत चांगल्या वेळेला सहाने गुणा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणा आणि त्यातून १०० वजा करा.

समजा, एका मुलाच्या वेळा अशा आल्या: ४.६०, ४.६८, ४.७९, ४.८८, ४.९७, ५.०४ सेकंद. बेरीज २८.९६, आदर्श बेरीज २७.६०, घट सुमारे ४.९ टक्के. दुसऱ्याच्या वेळा: ५.१०, ५.१२, ५.१४, ५.१५, ५.१७, ५.१८. बेरीज ३०.८६, आदर्श ३०.६०, घट एक टक्क्याहूनही कमी. कागदावर दुसरा मुलगा "न दमणारा" ठरतो आणि पहिल्याला राऊंड मारायची शिक्षा मिळते. पण नीट पाहा: पहिल्याची सर्वांत वाईट धावसुद्धा दुसऱ्याच्या सर्वांत चांगल्या धावेपेक्षा वेगवान आहे. पाठलाग कुणाला द्याल?

म्हणून नुसती घट पाहून कुणाला निवडू नका, वगळूही नका. सहा धावांची सरासरी वेळ हा मुख्य आकडा. ती कशामुळे वाईट आहे हे सांगायला घट उपयोगी. घटीचा आकडा धावांची संख्या, अंतर आणि विश्रांती यांवर अवलंबून असल्याने परदेशी संघांच्या तक्त्यांशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही. तुमच्याच संघातल्या मुलांशी आणि तुमच्याच मागच्या आकड्याशी तुलना करा.

कुणी काय वाढवायचं

सुटी धाव हळू, घट कमी. दुसऱ्या मुलाचं हे चित्र. याला दमाची नव्हे, वेगाची गरज आहे. १० ते ३० मीटरच्या सहा ते दहा धावा, आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना. विश्रांती भरपूर: दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट. मुलं कंटाळतात, सरांना वाटतं वेळ वाया चालला, वाटू द्या. श्वास पूर्ण सावरण्याआधी धावलात तर तो वेगाचा सराव राहत नाही. जोडीला स्क्वॉट, लंज, उड्या आणि छोट्या चढावर धावणं.

सुटी धाव चांगली, घट जास्त. इथे पंप मोठा करायचा आहे. दोन मार्ग आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला मार्ग चार-चारचा: चार मिनिटं जोरात धावायचं, तीन मिनिटं अगदी हळू, असं चार वेळा. नाडी कमाल दराच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत जायला हवी. घड्याळ नसेल तर चौथ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, एवढी खूण पुरे. नॉर्वेतल्या कनिष्ठ फुटबॉलपटूंकडून आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे हे करून घेतलं तेव्हा सामन्यात त्यांनी कापलेलं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलं आणि जोरदार धावांची संख्या दुप्पट झाली. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एका बैठकीला वॉर्म-अप धरून पाऊण तास लागतो. शाळेच्या मैदानावर सहज जमतं.

दुसरा मार्ग थेट मालिकांचा: २० ते ३० मीटरच्या पाच-सहा धावा, मध्ये २० सेकंद, अशा दोन किंवा तीन मालिका, दोन मालिकांमध्ये चार-पाच मिनिटं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

संथ राऊंड पूर्ण निरुपयोगी नाहीत. अगदी नवख्याला किंवा दुखापतीनंतर परतणाऱ्याला दोन-तीन आठवडे त्यांचा उपयोग होतो. त्यानंतर तोच वेळ चार-चारला द्या.

सरळ धावांत ठीक, वळणाच्या धावांत घसरण. खो-खो आणि कबड्डीच्या मुलांमध्ये याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. खांबाला वळसा घालताना, मध्यरेषेवरून उलट फिरताना शरीराचा सगळा वेग एका पायावर थांबवावा लागतो, आणि दमलेल्या मांडीला ते झेपत नाही. वेग पकडून ठरलेल्या रेषेवर तीन पावलांत थांबण्याचा सराव करा, आधी निम्म्या वेगाने. एका पायावरचे स्क्वॉट करा. आणि गुडघे टेकून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकवत नेण्याचा नॉर्डिक व्यायाम करा. हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत दिसलं आहे. खर्च शून्य. पहिल्या आठवड्यात दोनदा पाच-पाच पुरेत. जास्त केलेत तर जिना उतरणं मुश्कील होईल.

एक नमुना आठवडा

स्पर्धेआधी सहा ते आठ आठवडे हाताशी असतील आणि घट जास्त असेल तर:

- सोमवार: वेगाच्या सुट्या धावा, मग खेळाचा सराव
- मंगळवार: चार-चार
- बुधवार: कौशल्य, हलका सराव, नॉर्डिक
- गुरुवार: मालिकांच्या धावा, शक्यतो खेळातल्या हालचालींसह; खो-खोत उठून खांबापर्यंत, कबड्डीत चढाई आणि परत
- शुक्रवार: विश्रांती
- शनिवार: ताकदीचे व्यायाम, थांबण्या-वळण्याचा सराव
- रविवार: सराव सामना

स्पर्धेच्या आठवड्यात मालिका निम्म्या करा, वेग तोच ठेवा. चाचणी सहा आठवड्यांनी पुन्हा घ्या: तेच मैदान, तेच बूट, दिवसाची तीच वेळ. मातीवर पहिली आणि मॅटवर दुसरी घेतलीत तर तुलना फुकट गेली.

बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना ही मालिका लावू नका. या वयात दोन धावांमध्ये सावरण्याची गती मोठ्यांपेक्षा चांगलीच असते. त्यांना पकडापकडी, शर्यती आणि योग्य पद्धतीने धावणं-थांबणं शिकवा.

नेहमीचे खड्डे

- परीक्षेच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने मालिका. मांडी धरून बसणारी मुलं याच आठवड्यात दिसतात. दोन आठवडे वेग हळूहळू चढवा.
- चार-चार आणि मालिकांच्या धावा लागोपाठच्या दिवशी. मध्ये ४८ तास सोडा.
- कबड्डीच्या वजनमर्यादेत बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणं. वजनकाट्यावर जमतं, मॅटवर पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. वजन उतरवायचं असेल तर महिनाभर आधी, जेवणातून.
- एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी सराव. विदर्भ-मराठवाड्यात तर सकाळी आठच्या आत आटपा. नव्या उष्णतेला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात.
- पायाला वजनं बांधून धावणं आणि तोंडाला मास्क लावणं. वजनांनी पावलाची लय बिघडते; मास्कने डोंगरावरची विरळ हवा तयार होत नाही, फक्त श्वास घ्यायला त्रास होतो.

सरावाने सुटत नसेल तर रक्त तपासा

तीन महिने नीट सराव करूनही मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या धावेलाच धापा टाकत असेल, तर तिला "मन लावून खेळत नाहीस" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहणारंच कमी असेल तर चार-चार काय करणार? पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासता येतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्या, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांनी आणखी एक तपासणी करून घ्यावी: सिकलसेलची. वाहक मुलगा एरवी ठणठणीत असतो. पण उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना, विश्रांती न देता लागोपाठ जोरदार धावा काढल्या तर तो कोसळू शकतो, आणि हा प्रसंग जीवघेणा ठरू शकतो. आपला हा सराव नेमका तसलाच आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

वाहक आहे म्हणून मुलाला संघातून काढणं चुकीचं आहे. त्याच्या बाबतीत एवढं पाळा: विश्रांती वाढवा, मालिका घड्याळावर नव्हे तर त्याच्या श्वासावर सोडा, सरावाच्या पहिल्या आठवड्यांत वेग सावकाश चढवा. पाय आखडले, कंबर दुखतेय, ताकद गेली असं तो म्हणाला तर तिथेच थांबवा आणि सावलीत न्या. लगेच बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. "नाटक करतो" हे वाक्य अशा वेळी तोंडातून निघता कामा नये.

धावताना छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय चाचणीसुद्धा घेऊ नका.

पावडर आणि डोप चाचणी

क्रिएटिन मोनोहायड्रेटबद्दल विचारणा खूप होते. रोज ३ ते ५ ग्रॅमने लागोपाठच्या धावांमध्ये थोडा फायदा होतो, वजन एखाद किलोने वाढू शकतं, आणि ते प्रतिबंधित नाही. शाळकरी मुलांना माझा सल्ला नकोच असा आहे. भाकरी, भात, डाळ, दूध, अंडी आणि झोप यांतलं जे कमी आहे ते आधी भरून काढा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. खरा धोका डब्यातल्या भेसळीचा. लेबलवर नसलेला प्रतिबंधित पदार्थ शरीरात सापडला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. औषध तपासायला राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेचं, म्हणजे नाडाचं, 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे.

चाचणीला बोलावलं तर नकार देऊ नका, नकार हाच गुन्हा ठरतो. पण तुमचे हक्क माहीत असू द्या:

- नमुना घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहायला मागा.
- सोबत एक प्रतिनिधी ठेवता येतो, गरज असल्यास दुभाषाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूने पालक किंवा प्रशिक्षकांना सोबत घ्यावंच.
- पदक समारंभ, उपचार किंवा पुढचा सामना असेल तर देखरेखीखाली थोडा वेळ मागता येतो.
- सीलबंद साहित्यातून बाटली तुम्ही स्वतः निवडा.
- दमा वगैरेसाठी नियमित औषध लागत असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेआधीच करा. घेतलेली सगळी औषधं फॉर्मवर लिहा.
- काही गैर वाटलं तर त्याच फॉर्मवर शेरा मारा, मग सही करा आणि प्रत मागून घ्या. अहवाल प्रतिकूल आला तर 'ब' नमुना तपासून मागण्याचा आणि सुनावणीचा हक्क तुम्हाला आहे. त्या वेळी हीच प्रत लागते.